सातबाऱ्यावर बाईचं नाव : हक्क कुठून आला, कुठे अडला

वडील गेले की दिवसकार्य उरकल्यावर घरात वारस नोंदीचा विषय निघतो. तलाठ्याकडे अर्ज जातो, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर भावांच्या जोडीने बहिणींची नावंही चढतात. पुढे काही महिन्यांत भाऊ बहिणींना गाडीत बसवून तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो. हक्कसोडपत्रावर सह्या होतात, अंगठे उठतात, फोटो निघतात. परतताना साडीचोळी होते. पुढच्या फेरफारात बहिणींची नावं कमी झालेली असतात.

ज्या हक्कावर त्या दिवशी पाणी सोडलं जातं, तो मिळायला किती काळ लागला हे त्या बाकावर बसलेल्या बहुतेकींना कुणी सांगितलेलं नसतं.

हिंदू कायद्यातला जुना पाया मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रीय ग्रंथाचा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा, मुलीला लग्नापर्यंत पोषण आणि लग्नाचा खर्च. स्त्रीधन तिचं, पण त्यात जमीन क्वचितच. मुंबई इलाख्यात व्यवहारमयूख या दुसऱ्या ग्रंथाचाही आधार घेत, त्यामुळे इथे मुलीला आणि बहिणीलाही वारस म्हणून इतर प्रांतांपेक्षा बरं स्थान होतं. मात्र कुटुंब एकत्र असेल, तर विधवेच्या वाट्याला फक्त अन्नवस्त्र. काही घरांत तिला ‘चोळीबांगडीसाठी’ म्हणून एखादा तुकडा तोडून देत. तो तिने हयातभर खायचा, विकायचा नाही. १९३७च्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळू लागला, पण तोही हयातीपुरताच.

खरी उडी हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे एकत्र बांधू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून जो मसुदा लावून धरला, त्यात मुलाचा जन्मसिद्ध हिस्साच रद्द होणार होता आणि मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा मिळणार होता. विरोध एवढा झाला की बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्यामागे इतरही कारणं होती, पण या बिलाची झालेली परवड हे मोठं कारण होतं. माझ्या मते भारतीय स्त्रीच्या मालमत्तेच्या इतिहासात याहून महत्त्वाचा प्रसंग नाही, कारण तेव्हा जे सुटलं ते पुरतं मिळायला पुढे अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बिलातला काही भाग आणला. बाईच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. चोळीबांगडीच्या जमिनीलाही हे लागू पडतं, हे १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुलसम्मा खटल्यात ठरवलं. मात्र मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा तसाच राहिला, आणि सगळी मेख तिथेच होती. नऊ एकर वडिलोपार्जित जमीन, वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी असं घर धरा. आई आधीच वारलेली. वडील गेले की आधी वडील आणि दोन मुलगे यांच्यात प्रत्येकी तीन एकरांची वाटणी झाली असं मानायचं. मग वडिलांचे तीन एकर तिघा भावंडांत वाटायचे. मुलग्यांना चार-चार एकर, मुलीला एक. वारसांच्या यादीत ती भावांच्या शेजारी बसली होती, शेतात मात्र तिच्या वाट्याला बांधाकडेची पट्टीच आली. राहत्या घराची वाटणी तर भावांनी ठरवल्याशिवाय तिला मागताच येत नव्हती.

मग राज्यांनी आपापल्या परीने दुरुस्त्या केल्या. केरळने एकत्र कुटुंबच कायद्यातून काढून टाकलं. आंध्र आणि तमिळनाडू यांनी मुलीला जन्मतः हिस्सा दिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून तो दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकाच घरात मे महिन्यात लग्न होऊन गेलेली थोरली वाटणीबाहेर आणि घरी असलेली धाकटी आत, असा प्रकार झाला. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला. राहत्या घराची अट गेली आणि राज्यांच्या कूळकायद्यांमुळे शेतजमिनीबाबत उरलेली पळवाटही बंद झाली. तरी ‘त्या दिवशी वडील जिवंत होते का’ या एका प्रश्नावर खटले पंधरा वर्षं चालले. ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मुलीचा हक्क जन्माने येतो आणि त्यासाठी २००५मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही. त्यांच्यातल्या मुलीचा वाटा अजून रूढीवर आणि एकेका खटल्याच्या निकालावर अवलंबून आहे. जुलै २०२५मध्ये छत्तीसगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान हिस्सा दिला, पण त्यांना कायद्याबाहेर ठेवणारं कलम आहे तिथेच आहे.

आता पुन्हा हक्कसोडपत्राकडे येऊ. भावासाठी विनामोबदला हिस्सा सोडायला बरीच वर्षं दोनशे रुपयांचा मुद्रांक पुरत होता. बहिणी सही करतात त्या काही अडाणीपणाने नाही. सासरी काही बिनसलं तर परत यायला एकच दार आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वाटा मागितला तर ते दार बंद होतं. माहेर राखायची ती किंमत असते. ‘तिने राजीखुशीने सोडलं’ हे वाक्य मला म्हणूनच फार टोचतं.

आणि सासरचं काय? इथे कायदा जवळजवळ गप्प आहे. नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या जमिनीत बायकोची मालकी नाही, मग ती तिथे वीस वर्षं खुरपत असो की तीस. ही पोकळी कायदेपंडितांच्या आधी शेतकरी चळवळीने ओळखली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६मध्ये चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर काही वर्षांत ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपल्या हयातीत, स्वतःहून, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. गावात शंभर कुटुंबांनी हे केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. याला दान म्हणायचं नाही, तिच्या आजवरच्या कष्टांचं देणं फेडतो आहोत असं म्हणायचं, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. १९९२मध्ये सरकारने याच नावाने परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली.

आकडे मात्र फारसे हललेले नाहीत. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांपैकी, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापैकी, जेमतेम १४ टक्के स्त्रिया होत्या, आणि त्यांच्याकडचं क्षेत्र १२ टक्क्यांच्याही आत. ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी तीन चतुर्थांश शेतीत राबतात, हे यासोबत वाचायला हवं. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजारही जमीन नावावर असलेल्या घरालाच मिळतात. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी नवऱ्याने जीव दिला, की सावकार आणि बँक दोघं तिच्या दारात येतात, पण जमीन सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असते. तिने वारस नोंदीसाठी हेलपाटे घालायचे, तेही त्याच घरात राहून.

लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक निघून तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. त्यात अर्ज नवऱ्याने करायचा आहे. बायकोने तलाठ्यासमोर जाऊन ‘माझं नाव लावा’ म्हणावं, अशी तरतूद त्यात नाही.