निकालाचे पेढे, भट्टीची नानकटाई

मे महिन्यात दुपारी एक वाजता बोर्डाचा निकाल लागतो आणि संध्याकाळपर्यंत नाशकातल्या प्रत्येक सोसायटीत कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स घेऊन जिने चढत असतं. 2025 साली बारावीचा निकाल 5 मेला आणि दहावीचा 13 मेला लागला. त्या आठवड्यात आमच्या घरी तीन घरचे पेढे आणि दोन घरचे केक आले. दोन्ही केक घरी भाजलेले. हे केकचं वेड मोबाइलवरून आलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. भाजायची हौस आपल्या घरांत पूर्वीपासून होती, भट्टी तेवढी घराबाहेर होती.

आधी परीक्षेचं पाहू. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि त्याची पहिली मॅट्रिक 1859 मध्ये झाली. पुढे कित्येक वर्षं नाशिकच्या मुलाला पदवी हवी तर पुणं किंवा मुंबई गाठावी लागे. 1924 मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथे सुरू झालं, आजचं एचपीटी आणि आरवायके. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि नाशिक त्याच्याकडे गेलं. पण पदवीदान समारंभ परगावी, आणि प्रमाणपत्र अनेकांच्या घरी पोस्टाने येणार. त्यामुळे सगळ्या आळीने मिळून साजरा करायचा दिवस राहिला तो मॅट्रिकचा, नंतर एसएससीचा. राज्य मंडळ 1966 पासूनचं; नव्या आकृतिबंधातली पहिली दहावी 1975 ची. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात आसनक्रमांक शोधायचे, मग शाळेत जाऊन गुणपत्रिका घ्यायची. तो कागद हातात आला की पेढे आणायचे.

पहिला पेढा देवापुढे. कुणी काळारामाला, कुणी नवश्या गणपतीला. मग सर आणि बाई, मग वाड्यातली बिऱ्हाडं. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बारशाला मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा भेद आपल्याकडे होता. निकालाच्या मिठाईत तो शिरला नाही. मुलगी पास झाली तरी पेढेच वाटले गेले.

पेढा दुकानातला. घरचं होतं ते नानकटाईचं पीठ. नानकटाईचं मूळ सुरतेचं सांगतात: डचांच्या बेकरीत काम करणाऱ्या पारशी कारागिराने पावाऐवजी कोरडी, टिकाऊ बिस्किटं काढली, आणि 'नान' हा फारसी शब्द त्यांच्या नावात राहिला. आपल्या घरांत ती आली ती उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळी या दोन मोसमांत. डालडा किंवा तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. आई म्हणायची, पाण्यात थेंब टाकला तर तरंगला पाहिजे. मग पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, वेलदोडा-जायफळ. साखर रेशनवर मिळायची तेव्हा ती महिनाभर आधीपासून बाजूला ठेवावी लागे.

गोळे वळून झाले की खरी कसोटी. घरात चूल किंवा स्टोव्ह. सगळीकडून सारखी आच देणारं काही नाही. म्हणून डबे घेऊन बेकरीत जायचं. जुन्या नाशकात, नाशिकरोडला, देवळालीला लाकडाच्या भट्ट्या होत्या. पहाटेचे पाव निघाले की भट्टी उतरत्या आचेवर येते, आणि नानकटाईला तीच मंद आच लागते; पावाच्या आचेत ती वरून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणून बायका-मुलं दुपारच्या आसपास रांगेत बसायची. गोळे बेकरीच्या पत्र्यांवर मांडायचे, पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची, भाजणावळ किलोवर. लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत सरकायचे आणि थोड्या वेळाने त्या वासाने रांगेतली सगळी पोरं उभी राहायची. शेजारणीच्या पत्र्यात जास्त तडे पडले की तुपाचं प्रमाण तिथेच विचारलं जाई. कितीतरी घरांच्या पाककृती त्या बाकावर बसून एकमेकींकडे गेल्या.

निकाल लागेपर्यंत सुट्टीतल्या नानकटाईचा डबा तळाला आलेला असे. मग पेढ्याबरोबर चार नानकटाया बशीत ठेवायच्या, म्हणजे मावा परवडला नाही तरी बशी भरलेली दिसे.

केक घरात आणला तो प्रेशर कुकरने. शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, म्हणजे वाफ कोंडत नाही. तळाशी चाळून, धुऊन, वाळवलेली वाळू. आमच्याकडे ती गोदावरीची होती. वाळू उष्णता धरून ठेवते आणि सारखी पसरवते, भट्टीची जमीन करते तसंच. तिच्यावर स्टँड, स्टँडवर तूप लावलेला अॅल्युमिनियमचा डबा. बऱ्याच स्वयंपाकघरांत अंडं चालत नसे, म्हणून रवा, दही आणि खाण्याचा सोडा. दह्याच्या आंबटपणाने सोड्याचे बुडबुडे सुटतात आणि केक फुगतो. वर पिंपळगाव-निफाडकडच्या द्राक्षांचे बेदाणे. पहिल्या खेपेला मी अर्ध्यातच झाकण उघडलं आणि केक मधोमध बसला. आईने तो खड्डा सायीने भरला आणि तसाच वाटला. पुढे वर काचेची खिडकी असलेले गोल विजेचे ओव्हन आले, आणि वाळूचा डबा माळ्यावर गेला.

नाशिक आणि पदवी यांचं एक जुनं नातं इथे सांगायलाच हवं. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 मध्ये नाशिकचा, वडील मिशनरी. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं. 1892 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. तिथे बायकांना पदवीच देत नव्हते, त्यामुळे ती हातात पडायला तीस वर्षं गेली.

1989 मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशकात स्थापन झालं, गोवर्धनला, आणि पदवी घरात उशिरा येण्याचा मार्ग खुला झाला. बारावी झालेली नसली तरी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून बी.ए.ला जाता येऊ लागलं. रविवारी अभ्यास केंद्रावर जाणाऱ्या, मुलांच्या दप्तराशेजारी स्वतःची पुस्तकं ठेवणाऱ्या बायका मी आमच्याच इमारतीत पाहिल्या.

मग करोना आला. 2020 मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि निकाल 29 जुलैला लागला. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95 टक्के. मुलांना आपण पास झालो याचा आनंद मानावा की नाही तेच कळेना. बाहेर पडायची भीती होती, म्हणून ज्यांच्याकडे ओव्हन नव्हता त्यांनी पुन्हा कुकर काढला. शिकलेल्या हातांना ऑर्डरी मिळू लागल्या. अन्नसुरक्षा कायद्याखाली छोट्या व्यवसायाची नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होत होती, 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला. कितीजणींनी ती केली आणि बेसिनवर प्रमाणपत्र चिकटवलं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. त्या दिवशी त्यांच्या मुलीने केक केला, आणि ओव्हन असूनही कुकरमध्ये केला, कारण काकूंना रव्याचा, वाळूवर भाजलेलाच हवा होता. माळ्यावरची आमची वाळू न्यायला ती आली होती. पेढे काका घेऊन आले, आणि पहिला काकूंनी देवापुढे ठेवला.