शाळेबाहेरचा कॉम्प्युटर : पहिली ते चौथीच्या पालकांसाठी

‘मुलासाठी कोणता कॉम्प्युटर घ्यावा?’ असं विचारत पालक आमच्या दुकानात येतात. मूल चौथीपर्यंतचं असेल तर आमचा सल्ला एकच : एवढ्यात नवा घेऊ नका. घरातला जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप आधी दाखवायला आणा. शाळेच्या तासाला एका मशीनभोवती चार-पाच मुलं असतात. चुकायला आणि पुन्हा करून बघायला निवांत वेळ मिळतो तो घरीच.

आधी कॉम्प्युटरशिवाय

पुठ्ठ्याचे पाच पत्ते कापा. त्यांवर १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढा, मोठा पत्ता डावीकडे ठेवा. आता मुलाला त्याच्या वाढदिवसाची तारीख पत्त्यांतून बनवायला सांगा. १९ तारीख असेल तर १६, २ आणि १ उघडे, बाकीचे पालथे. उघड्याला १ आणि पालथ्याला ० लिहिलं की झालं १००११. कॉम्प्युटर आकडे असेच साठवतो. पाच पत्त्यांत ० ते ३१ सगळे आकडे बसतात, म्हणजे महिन्याची कुठलीही तारीख! सहावा पत्ता किती ठिपक्यांचा, हे मात्र सांगू नका. ते मुलालाच शोधू दे.

मग स्क्रॅच

अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ साली सर्वांसाठी खुलं केलेलं स्क्रॅच हे मुलांना प्रोग्रॅम बनवायला शिकवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि एकदा टाकलं की इंटरनेटशिवायही चालतं. रंगीत ठोकळे जोडून पडद्यावरच्या मांजराला चालवायचं, बोलवायचं. ते साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. पाच ते सात वर्षांच्यांसाठी टॅबवर स्क्रॅच ज्युनिअर आहे. मांजराला मुलाचा स्वतःचा आवाज देता येतो, तिथून सुरुवात करा. शेजारी बसा, पण माउस हातात घेऊ नका. ‘कडेला पोचल्यावर त्याला मागे कसं वळवशील?’ एवढंच विचारा. तयार गेम खेळत बसण्यापेक्षा हे फार वेगळं आहे, आणि आमच्या मते खरं शिक्षण इथेच होतं.

उघडून बघायचं असेल तर

बंद पडलेला कॅबिनेट मुलांना जरूर दाखवा : रॅम (तात्पुरती मेमरी), पंखा, हार्ड डिस्क. विजेची वायर आधी काढा. पॉवर सप्लायचा डबा (मागे विजेची वायर लागते तो) आणि जुना डबा-मॉनिटर मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आत वीज साठलेली असू शकते. मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवरचा) बटण सेल काढून मुलांपासून दूर ठेवा, गिळला गेला तर जिवावर बेतू शकतं. (जुना कॉम्प्युटर सुरू केल्यावर तारीख चुकीची दाखवतो, तो बहुधा हाच सेल संपल्यामुळे.)

तुमचं जुनं मशीन चालू स्थितीत असेल तर त्यावर स्क्रॅच टाकून, मुलासाठी वेगळं खातं करून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. घरातले फोटो आणि कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आणि येताना मुलालाही घेऊन या, त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या.