‘शॉर्ट टर्म मेमरी’ : एका नावाचा घोळ

घरातल्या वयस्कर माणसाला सकाळी कोण भेटायला आलं होतं ते दुपारी आठवत नाही, पण शाळेतले सवंगडी नावानिशी आठवतात. मग आपण म्हणतो, त्यांची शॉर्ट टर्म मेमरी गेली. मानसशास्त्रात मात्र या शब्दाचा आवाका काही सेकंदांचा आहे. सकाळची भेट दुपारी आठवणं हे तिथे दीर्घकालीन स्मृतीचंच काम.

१८८५ मध्ये एका संशोधकाने अर्थहीन अक्षरगट पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं. १८९० मध्ये ‘मनातून अजून न गेलेलं’ आणि ‘जाऊन परत आलेलं’ असा भेद मांडला गेला. पहिल्याला तेव्हा ‘प्राथमिक स्मृती’ म्हणत. तेच नाव टिकायला हवं होतं, कारण त्यात मुदत नव्हती.

घड्याळ आलं ते १९५९ च्या प्रयोगाने. तीन व्यंजनं सांगायची आणि लगेच एखाद्या संख्येतून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं, म्हणजे मनात घोकायला सवड नाही. १८ सेकंदांनी बहुतेकांना ती अक्षरं सांगता येईनात. १९६८ मध्ये चौकटींची ती प्रसिद्ध आकृती आली: क्षणिक संवेदन, मग अल्पकालीन, मग दीर्घकालीन. पाठ्यपुस्तकांत ती अजून ठाण मांडून आहे.

या आकृतीला एका रुग्णाने आधार दिला, तर दुसऱ्याने हादरा. पहिल्यावर १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, फिट्‌स थांबाव्यात म्हणून शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या अवयवाचा, बराचसा भाग काढला गेला. नव्या घटना त्याच्या लक्षात राहणंच बंद झालं. त्याला एकदा ५८४ हा आकडा दिला. अंकांच्या बेरजा-वजाबाक्यांची साखळी मनात फिरवत त्याने तो पंधरा मिनिटं धरून ठेवला. लक्ष दुसरीकडे वळलं, आणि मिनिटभरात आकडाही गेला, असा काही आकडा होता हेही गेलं. म्हणजे त्याची अल्पकालीन स्मृती शाबूत होती!

दुसऱ्या रुग्णाची नोंद १९७० ची. त्याला ऐकलेले जेमतेम दोन अंक परत म्हणता येत, तरी नवीन गोष्टी तो नीट शिकत होता. मधली चौकट मोडकी असताना माल पुढे पोचला कसा? याचं समाधानकारक उत्तर त्या आकृतीकडे नव्हतं.

१९७४ मध्ये ‘कार्यकारी स्मृती’ची मांडणी पुढे आली. सहा अंक मनात धरून लोकांना तर्काचे प्रश्न सोडवायला दिले, तर वेळ जास्त लागला, पण चुका फारशा वाढल्या नाहीत. तेव्हा हे एकच कोठार नसून आवाजासाठी वेगळी, दृश्यासाठी वेगळी आणि त्यांवर लक्ष ठेवणारी तिसरी अशी कामाची जागा आहे, असं मांडलं गेलं. २००० मध्ये त्यात चौथा घटक आला. एका वेळी मनात ‘सात’ गोष्टी मावतात हा १९५६ चा आकडाही २००१ मध्ये चारच्या आसपास आणला गेला.

स्मृतीच्या तपासणीत तीन शब्द सांगून, मध्ये दुसरं काही करायला लावून, काही मिनिटांनी ते विचारतात. ही नव्या दीर्घकालीन नोंदीची परीक्षा. अंक लगेच उलट्या क्रमाने म्हणायला लावतात, ती कार्यकारी स्मृतीची. आपलं माणूस यांपैकी कुठे अडलं, हे घरच्यांनी विचारून घ्यावं: पहिल्या ठिकाणी अडलेला माणूस समोर चाललेल्या बोलण्यात व्यवस्थित भाग घेऊ शकतो.