क्यू आणि डब्ल्यू लिहिल्याचा दंड : तुर्कस्तानातील कुर्दी भाषेच्या लढ्याची पार्श्वभूमी

आग्नेय तुर्कस्तानातील सिर्त शहरात २००५ साली न्यायालयाने कुर्द या अल्पसंख्य समाजातील वीस जणांना प्रत्येकी शंभर लिरांचा दंड ठोठावला. कुर्दी नववर्षाच्या सोहळ्यात त्यांनी हाती धरलेल्या फलकांवर रोमन लिपीतील क्यू आणि डब्ल्यू ही अक्षरे होती, एवढाच त्यांचा गुन्हा. १९२८ च्या कायद्याने ठरवलेल्या तुर्की वर्णमालेत ही अक्षरे नाहीत. कुर्दीत मात्र 'नवरोज' हे या सणाचे नाव लिहायलाच डब्ल्यू लागतो.

या वादाची मुळे प्रजासत्ताकाच्या स्थापनेपर्यंत जातात. खासगी व्यवहार, व्यापार, वृत्तपत्रे आणि जाहीर सभा यांत कोणत्याही नागरिकाला कोणतीही भाषा वापरता येईल, असे तुर्कस्तान आणि दोस्त राष्ट्रांमधील १९२३ च्या लोझान तहाच्या ३९ व्या कलमात नमूद होते. ते कागदावरच राहिले. पुढच्याच वर्षी मदरसे बंद झाले आणि त्यांच्याबरोबर कुर्दीच्या पारंपरिक अध्ययनाचा आधारही गेला. कुर्दीचे वाङ्मयीन कार्य मग सीमेपलीकडे सरकले. कुर्दी लेखक जलादत बदिरखान यांनी १५ मे १९३२ रोजी सीरियातील दमास्कसमध्ये 'हावार', म्हणजे मदतीची हाक, हे नियतकालिक सुरू केले आणि त्यातून रोमन लिपीतील कुर्दी लेखन रूढ केले. म्हणूनच १५ मे हा कुर्दी भाषा दिन मानला जातो.

१९८० च्या लष्करी उठावानंतर दडपशाहीने टोक गाठले. कुर्दबहुल दियारबाकिर शहराच्या लष्करी तुरुंगात भेटीला येणाऱ्यांसमोर 'तुर्की बोला, भरपूर बोला' अशी पाटी होती. तुर्कीचा गंध नसलेल्या आया कैदेतल्या मुलासमोर मुक्या उभ्या राहत. भाषेची याहून क्रूर बंदी कल्पनेत आणणे कठीण आहे. १९८३ च्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने तर कुर्दीचे नावही न घेता तिच्यातील प्रकाशने बेकायदा ठरवली. तो १९९१ मध्ये रद्द झाला. पण त्याच वर्षी कुर्द खासदार लैला झाना यांनी संसदेत शपथेनंतर कुर्दीत एक वाक्य उच्चारले, तेव्हा सभागृहात गदारोळ झाला आणि १९९४ पासून त्यांना दहा वर्षे तुरुंगात काढावी लागली.

२००१ च्या अखेरीस विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी ऐच्छिक कुर्दी वर्गांसाठी अर्ज देण्याची मोहीम उघडली, तेव्हा नुसत्या अर्जासाठी अनेकांची धरपकड झाली. २०१० मध्ये शाळा उघडताच पालकांनी मुलांना घरी ठेवून बहिष्कार टाकला. सरकारने सवलती दिल्या, पण जपून: २००९ मध्ये सरकारी कुर्दी दूरचित्रवाहिनी, २०१२ मध्ये पाचवीपासून आठवड्याला दोन तासांचा ऐच्छिक विषय, तोही किमान दहा विद्यार्थी असतील तर, आणि २०१३ मध्ये क्यू, डब्ल्यू या अक्षरांवरील बंदी उठवण्याची घोषणा.

राज्यघटनेचे ४२ वे कलम मात्र तसेच आहे. तुर्कीखेरीज दुसरी कोणतीही भाषा नागरिकांना मातृभाषा म्हणून शिकवता येणार नाही, असे ते सांगते. त्यामुळे १५ मे किंवा २१ फेब्रुवारीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिनी, दियारबाकिरमध्ये निघणाऱ्या मोर्चांची मागणी बदललेली नाही: कुर्दी हा दोन तासांचा विषय नको, ती शिक्षणाचे माध्यम हवी.