तळकाड वाळूत गेले ते शापाने नव्हे

बडोद्याच्या मराठी घरांत म्हैसूरची सहल ठरली की ही गोष्ट हमखास ऐकू येते: म्हैसूरचा राजा वडियार याने विजयनगरच्या सुभेदाराची विधवा अलमेलम्मा हिच्याकडे दागिन्यांसाठी माणसे पाठवली, तेव्हा तिने कावेरीत उडी घेताना शाप दिला, नदीकाठचे तळकाड गाव वाळूत गडप झाले, राजघराणे निपुत्रिक राहिले. विधवेवरचा अन्याय लोकांनी विसरू दिला नाही, हे मोलाचेच. पण वाळू आणली ती वाऱ्याने. उन्हाळ्यात नदीच्या वळणावर पात्र उघडे पडते आणि बारीक वाळू काठावर उडत येते. विजयनगरकाळातल्या बंधाऱ्याने प्रवाह घटून हे वाढले, असे अभ्यासक मानतात. वाळू उपसून मोकळ्या केलेल्या काही देवळांत आजही खाली उतरावे लागते. आणि निपुत्रिक? याच घराण्यातल्या चिक्क देवराजानंतर १७०४ मध्ये त्याचा मुलगा, १७१४ मध्ये नातू गादीवर बसला.