डग्गा घुमतो कशामुळे? घरच्या ऑडिओसाठी डिजिटल रूम करेक्शन

स्पीकर चांगले, अँप्लिफायर तोलामोलाचा, तरी तबला सुरू झाला की डग्ग्याचा एखादाच सूर खोलीभर दणाणतो आणि बाकीचे बोल दबून जातात. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी खोलीची मापे विचारतो. स्पीकर बदलण्याचा विषय नंतर.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटचा हॉल घ्या. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंचीही तितकीच. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. त्या हिशेबाने १२ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या (सेकंदाला ४७ कंपने) आसपासचा सूर अडकतो आणि फुगतो. १० फुटांसाठी हा आकडा ५६-५७ येतो. इथे रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून दोन्हींची भर एकाच सुरावर पडते. मग त्यांच्या दुपटीला, ९४ आणि ११३ हर्ट्झलाही तेच. डग्गा नेमका याच भागात बोलतो. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत लाकडी तक्तपोशी असेल तर बेस थोडा जिरतो. स्लॅब, पक्क्या भिंती आणि टाइल्स असल्या की त्याला जिरायला जागाच नाही.

रूम करेक्शन म्हणजे हा फुगवटा मोजून तेवढाच कापणे. स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एक सूर वाजवतात, बसायच्या जागी ठेवलेला माईक तो टिपतो आणि कुठला सूर किती डेसिबल चढला हे आलेखावर दिसते. त्यावरून उलटे फिल्टर तयार होतात. ऑडिसी, डिरॅक, यामाहाचे वायपीएओ या रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात) येणाऱ्या करेक्शनच्या पद्धती. त्यांची तऱ्हा वेगळी, पण मूळ काम हेच. संगणकावर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा यूएसबी माईक वापरूनही ते करता येते. फोनचा माईक मात्र बोलण्यासाठी बनवलेला असतो. बेसच्या मोजणीत त्याच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट विकताना सहसा सांगितली जात नाही, ती आम्ही सांगतो. चढलेला सूर कापता येतो, पण जिथे आवाज एकमेकांना मारून नाहीसा होतो तो खड्डा फिल्टरने भरत नाही. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अँप्लिफायरकडून दहापट ताकद मागायची. ती वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) जिवावर उठते आणि खड्डा जवळपास तसाच राहतो. त्यावर इलाज जागा बदलण्याचा. सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर असेल तर ४७ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही. मागच्या भिंतीला टेकला असेल तर बेस अंगावर येतो. दोन-तीन फूट पुढे सरकवून पाहा. याला पैसे पडत नाहीत. तसेच टाळी वाजवल्यावर खोली खणखणत असेल तर ते कामही फिल्टरचे नव्हे. जाजम, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट लागते. आम्ही करेक्शन शक्यतो ३०० हर्ट्झच्या खालीच ठेवतो. त्याच्या वर स्पीकरचा स्वभाव बदलायला लागतो, आणि तो आवडला म्हणूनच तर तुम्ही तो घेतलात.

मोजणीच्या दिवशी पंखा, एसी, फ्रीज बंद. पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजत असेल तर सरळ दुसरा दिवस ठरवू. माईक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, स्टँडवर; सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर आकडे बिघडतात. एकाच जागी न मोजता डोक्याच्या आसपास पाच-सहा जागी मोजतो.

मोजणी झाल्यावर बरेच जण दोन गोष्टींनी गोंधळतात. सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) आठ फुटांवर असताना रिसीव्हर चौदा फूट दाखवतो. ती चूक नाही, सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्याने अंतरात धरलेला असतो. तो आकडा बदलू नका. छोट्या स्पीकरला रिसीव्हरने ‘लार्ज’ (म्हणजे खालचा बेसही त्यानेच वाजवायचा) ठरवले असेल तर ते मात्र बदला: ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे जातो ती हद्द) ८० हर्ट्झवर ठेवा.

आणखी एक तक्रार ठरलेली: “बेस गेला की हो!” मिरवणुकीतल्या डॉल्बीची सवय झालेल्या कानांना तसे वाटणारच. आठवडाभर तसेच ऐका. देवल क्लबात (कोल्हापुरातली जुनी संगीत संस्था) समोर बसून तबला ऐकला असेल तर त्याची आठवण ठेवून ऐका. मग हवे तर १०० हर्ट्झच्या खाली तीन-चार डेसिबल चढवून देऊ; सगळीकडे सारखा चढवलेला बेस घुमत नाही.

तुमच्या रिसीव्हरमध्ये करेक्शन आधीच असेल तर नवे यंत्र घेऊ नका, आहे तेच नीट चालवून देतो. फोन करताना खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि सोफा कुठल्या भिंतीला आहे एवढे सांगा. रिसीव्हरचा मॉडेल नंबर मागच्या बाजूला छापलेला असतो, तोही हाताशी ठेवा.