अमेरिकेत इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं मास्टर्स करायचंय? अर्ज कुठे अडकतात ते आधी बघा

प्रवेशाचं पत्र आलं, घरात पेढे वाटले, नोकरीचा राजीनामा दिला, आणि मग कळलं की या अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळतच नाही. इन्स्ट्रक्शनल डिझाइन आणि लर्निंग टेक्नॉलॉजीकडे वळणाऱ्यांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडतं. तंत्रज्ञानाच्या मदतीने शिकवायचं कसं, हाच मुळात या शाखेचा विषय, त्यामुळे तिथली बरीच विद्यापीठं तो पूर्णपणे ऑनलाइन शिकवतात. पर्ड्यू आणि बॉयझी स्टेटचे नावाजलेले ऑनलाइन मास्टर्स पुण्यात बसून करता येतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यासाठी ते चांगलेच आहेत, पण अशा अभ्यासक्रमाला आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला) निघत नाही आणि आय-२० नसेल तर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करता येत नाही. एफ-१ वर असताना एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंत, पूर्णवेळ अभ्यासात धरला जातो. काही ठिकाणी एकाच नावाचा अभ्यासक्रम कॅम्पसवर आणि ऑनलाइन असा दोन्हीकडे चालतो, आणि फॉर्ममधल्या यादीत चुकीचा पर्याय निवडला जातो.

म्हणून अर्जाची फी भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला दोन ओळींचा मेल करा. या अभ्यासक्रमाला आय-२० मिळतो का, आणि त्याचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, काय? उत्तर लेखी घ्या. दुसरा प्रश्न पुढच्या नोकरीसाठी आहे. १३.०५०१ हा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत येतो, त्यामुळे पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीला, म्हणजे तिथे काम करण्याच्या परवानगीला, पुढे २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. मात्र विषय तोच असला तरी पदवी ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’ या नावाखाली असेल तर कोड बहुधा १३.०३०१ असतो, आणि तो त्या यादीत नाही. शिकायचं तेच, फक्त कोड वेगळा, आणि त्यापायी दोन वर्षं हातची जातात. प्रवेशाच्या पानांवर ही माहिती ठळकपणे द्यायला काय हरकत असते, मला आजवर कळलेलं नाही.

पात्रतेचं म्हणाल तर कुठल्याही शाखेची पदवी चालते. शिक्षक, ई-लर्निंगमध्ये लिहिणारे, कंपनीत ट्रेनिंग बघणारे, सगळे येतात. जीआरई ही प्रवेश परीक्षा पुष्कळ ठिकाणी लागत नाही. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं चालतात, एवढं ध्यानात ठेवा.

खरी अडचण तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ची. काही विद्यापीठं ती अमेरिकी चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरतात, काही धरत नाहीत. आपल्याकडच्या शिक्षकांकडे त्यावर बी.एड. किंवा एम.ए. असतं आणि ते त्याची कागदपत्रं जोडतच नाहीत, कारण फॉर्मवर ‘बॅचलर्स’ एवढंच लिहिलेलं असतं. बारावीनंतरची प्रत्येक पदवी दाखवा. सोबत मूल्यांकनाचा अहवाल, म्हणजे आपली पदवी अमेरिकी पदवीच्या तोडीची आहे का ते सांगणारा कागद, लागतो का, तेही विचारा. प्रत्येक विषयाचं मूल्यांकन मागितलं असेल आणि तुम्ही फक्त पदवीचं करून घेतलंत, तर पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतात.

आता ट्रान्सक्रिप्ट. मार्कशीटची झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. तो विद्यापीठाने स्वतंत्रपणे दिलेला, सगळ्या सत्रांचे गुण एकत्र असलेला दाखला असतो. त्यासाठी सगळी मूळ मार्कशीटं लागतात, आणि पहिल्या वर्षाचं नेमकं सापडत नाही. मग दुय्यम प्रत, तिचा अर्ज, त्यावर कॉलेजचा शिक्का, आणि खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’. किमान तीन महिने हाताशी ठेवा. साताऱ्याच्या एका शिक्षिकेने खेपा घालून बंद पाकीट मिळवलं होतं. पाकिटाच्या झाकणावर सही, सहीवर शिक्का, सगळं व्यवस्थित. घरी सासऱ्यांनी कौतुकाने ते कात्रीने उघडलं आणि आतला कागद सगळ्यांना वाचून दाखवला. उघडलेलं पाकीट कुणी घेत नाही. पुन्हा पहिल्यापासून रांग. तेव्हा पाकिटं दोन जास्तीची मागून घ्या आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

नावाचा घोळही इथेच होतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर रचना वेगळी, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसरीच. अर्जात, टोफेलला आणि बँकेच्या पत्रावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. जुन्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा.

तारखा नीट वाचा. ०१/०५ म्हणजे तिथे ५ जानेवारी. १ मे समजून निवांत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. जिथे ‘प्रायॉरिटी’ (म्हणजे आधी विचार होण्यासाठीची) तारीख दिलेली असते, तिथे असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलं मानधनाचं काम, हवी असणाऱ्याने तीच शेवटची मानावी. शिफारसपत्रंही बहुतेक ठिकाणी त्याच तारखेच्या आत पोचावी लागतात. शिफारसीची लिंक सरांच्या मेलवर थेट जाते, बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, आणि संकोचापोटी आपण आठवण करत नाही. फोन करा, जमलं तर भेटून समोर लिंक उघडून द्या. त्यांचा कॉलेजचा मेल असेल तर जीमेलऐवजी तोच द्या. आणि फी भरण्याच्या आदल्या दिवशी कार्डवर परदेशी व्यवहार चालू आहेत ना, ते बँकेच्या ॲपमध्ये बघा; ते बंद असल्यामुळे ऐन शेवटच्या रात्री फॉर्म अडकतात.

आय-२० साठी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. सातबारा, फ्लॅटचं मूल्यांकन, सोनं हे सहसा धरलं जात नाही. बचत खातं, मुदत ठेव किंवा कर्जमंजुरीचं पत्र लागतं. गावची आठ एकर जमीन असून आय-२० अडला, हे वडिलांना समजावणं फार जड जातं, म्हणून कर्जाची फाईल लवकर लावा. त्यानंतर सेविस या विद्यार्थी-नोंदणीच्या सरकारी यंत्रणेच्या फीचे ३५० डॉलर, व्हिसा फीचे १८५ डॉलर आणि मुलाखत.

मुलाखतीत विषयाचं नाव ऐकून अधिकारी ‘म्हणजे काय?’ विचारतो. तिथे व्याख्या पाठ म्हणू नका. त्या साताऱ्याच्या बाईंनी सांगितलं होतं, ‘सातवीच्या मुलांना अपूर्णांक समजत नव्हते, मी भाकरीच्या तुकड्यांचे आठ छोटे व्हिडिओ बनवले, पण कुणाला कळलं आणि कुणाला नाही हे मोजता येईना. ते मोजायला शिकायचंय.’ पुढचा प्रश्न फक्त पैशांचा झाला.